घर सात, शेरा: आठ पाहा

१

बनीच्या दोन्ही दंडांवर एकही व्रण नव्हता.

आरोग्य खात्याच्या मोठ्या डॉक्टरांनी हे वाक्य भोर संस्थानच्या कौन्सिलात वाचून दाखवलं, तेव्हा मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. १९४३ सालच्या मार्गशीर्षातला मंगळवार होता. प्रश्न होता सौदामिनीबाईंचा. कन्याशाळेत शास्त्र शिकवणाऱ्या सौदामिनीबाई कौन्सिलातल्या एकुलत्या एक बाई सभासद. प्रत्येक अधिवेशनात त्या एकच प्रश्न विचारत, पण तो पूर्ण झाल्याशिवाय खाली बसत नसत.

"हिर्डोशीची बनी, वय वर्षं आठ," त्यांनी विचारलं होतं, "गेल्या चैत्रात देवीच्या साथीत दोन्ही डोळ्यांनी गेली. पुण्याच्या अंध मुलींच्या शाळेत तिला जागा मिळते आहे. फक्त संस्थानचं शिफारसपत्र हवं. ते खात्यानं का नाकारलं?"

मोठ्या डॉक्टरांचं उत्तर मुद्देसूद होतं. ज्या मुलाच्या पालकांनी देवी टोचून घेण्यास नकार दिला, त्याला अंधत्वाबद्दल कोणतीही सवलत द्यायची नाही, असा नियम होता. बनीला तान्हेपणी टोचल्याची आणि फोड उठल्याची नोंद वहीत होती. पण तिचे दंड तपासले तर कोरे.

"तेव्हा नोंद खोटी," ते म्हणाले. "पालकांनी नकार दिला आणि टोचणाऱ्यानं तो झाकला. त्याला कामावरून दूर केलं आहे. मुलीचा अर्ज फेटाळला आहे."

सौदामिनीबाई बसल्या नाहीत.

"नोंद आहे, हे एक. व्रण नाही, हे दुसरं. दोन्ही मला मान्य. पण नकार कोणी पाहिला?"

कोणीतरी हसलं. मोठे डॉक्टर हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "दुसरं काय झालं असेल ते बाईंनी सांगावं."

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. "पुरवणी प्रश्न शनिवारी. बाई, तोवर पुरावा आणा."

शाळा बनीची जागा सोमवारपर्यंतच राखून ठेवणार होती.

२

गंगाधरपंत पडवीत बसून सुपारी कातरत होते. तीस वर्षं डोंगरातल्या वाड्यांवर देवी टोचत हिंडलेला माणूस. आता मंगळवारी भर दुपारी घरी बसायची सवय नसल्यानं त्यांनी सुपारीचा ढीग घातला होता.

"या. मला चोर म्हणायला आलात की चहा घ्यायला?"

"आधी चहा," सौदामिनीबाई म्हणाल्या. "पंत, लस फळली, फोड उठला, तर व्रण पुढे नाहीसा होतो का?"

"शास्त्र तुम्ही शिकवता आणि मला विचारता? जन्मभर जात नाही. दोन्ही दंडांवर दोन-दोन टोचे. माणूस जळेपर्यंत राहतात."

"आणि फोड उठल्याची नोंद तुम्ही कशी करता?"

"आठव्या दिवशी पुन्हा चालत जाऊन. या डोळ्यांनी पाहून. न पाहता मी एक रेघ ओढलेली नाही, बाई."

सौदामिनीबाईंनी कप खाली ठेवला.

"मग फोड उठलेला दंड तुम्ही पाहिलात, हे खरं धरू. बनीचा दंड कोरा, हेही खरं. म्हणजे तुम्ही पाहिलेला दंड बनीचा नव्हता. वही दाखवता?"

खात्याची वही खात्याकडे होती, पण पंत स्वतःजवळ नक्कल ठेवत. १९३६ च्या माघातलं हिर्डोशीच्या वरच्या वाडीचं पान निघालं. पाटलानं दिलेल्या यादीप्रमाणे घरं होती. तान्ह्यांची नावं नव्हती, कारण बहुतेकांची अजून ठेवलेलीच नव्हती.

घर सात. सावळाराम. मुलगी एक. शेरा: आठ पाहा.

घर आठ. ज्ञानू. मुलगी एक. टोचली. फोड उठले.

"बनी सावळारामाची," सौदामिनीबाई म्हणाल्या. "सातासमोर 'आठ पाहा' म्हणून खात्यानं आठाची नोंद तिची धरली. तुम्ही हा शेरा का लिहिलात?"

पंतांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सात वर्षं झाली, बाई. हजारो दंड. आठवत नाही."

त्यांनी पुढची पानं उलटली. पुढच्या हिवाळ्यातलं हिर्डोशीचं पान फक्त तीन ओळींचं होतं. आलेली मुलं अकरा. टोचली दहा. परत गेले: एक.

"हे परत गेलेलं मूल कोणाचं?"

"असेल कोणी. आजारी असेल."

"आजारी असलं की तुम्ही 'ताप' लिहिता. मागच्याच पानावर दोनदा लिहिलं आहे. इथे नुसतं 'परत'."

पंतांनी पान डोळ्यांजवळ नेलं. अक्षर त्यांचंच होतं. कारण कुठेच नव्हतं.

"उद्या सकाळी निघायचं," सौदामिनीबाई म्हणाल्या. "तुम्हीही या."

३

लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं. सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर धापा टाकत अर्ध्या वाटेपर्यंत गेली आणि तिथे तिनं मान टाकली. पुढे बैलगाडी, आणि शेवटचा चढ पायी. भाताच्या झोडणीचे दिवस होते. खाचरं रिकामी झाली होती आणि वाटेवर जागोजागी पेंढा सांडला होता.

रखमाजी पाटील खळ्यावरच भेटले. पंतांना पाहून त्यांनी हातातली पेंढी टाकली.

"आवं पंत! तुमास्नी कामावरनं काडलं म्हनं? आन् आमच्या गावानं टोचू दिलं न्हाई म्हनं?" ते सौदामिनीबाईंकडे वळले. "बाई, पैला टोचा माज्या नातवाला घेतला. मारुतीच्या वट्यावर, समद्या गावाम्होरं. त्यो रडला, आन् त्याच्या आईपरीस म्या जास्ती रडलो. ह्या गावात न्हाई म्हननारा निगाला तर मिशी उतरवीन."

"मिशी राहू द्या," सौदामिनीबाई म्हणाल्या. "बनीचा अर्ज तुम्हीच लिहिलात?"

"व्हय. सावळाराम ममईला गोदीत हाय. लडाईपायी रजा गावंना. त्याचं पत्र आलं, पोरीला शाळंत घाला म्हून. पोर हुशार हाय, बाई. डोळं गेलं तरी गावातल्या समद्यांची पावलं वळकती."

"सावळारामाला आणखी मुलं?"

पाटलांनी पेंढी पुन्हा उचलली. "चार झाली. चारी गेली, पाळन्यातच. ही पाचवी."

"तान्ह्यांची यादी तुम्ही दिलीत, तीत सावळारामाची मुलगी होती. पंतांनी टोचायच्या वेळी ती मोजली नाही. का?"

"त्ये बायकांचं काम हाय," पाटील घाईनं म्हणाले आणि पेंढी इतक्या जोरानं आपटली की भाताचे दाणे पंतांच्या टोपीवर उडाले. "बायकांनाच इचारा."

४

सातव्या घराच्या ओट्यावर एक मुलगी सुपात नाचणी घेऊन बोटांनी खडे वेचत होती. चेहऱ्यावर देवीचे वण होते. पावलं ऐकून तिनं मान वर केली.

"एक बाई हाय," ती म्हणाली, "आन् एकाचा जोडा करकरतुया."

पंतांनी जोडा काढून हातात घेतला. बनी हसली.

"काकी खळ्यावर गेलीया. आई शेजारी हाय. हाक मारू?"

सौदामिनीबाई तिच्याशेजारी बसल्या. "तू राहतेस कुठे, बनी?"

"हितं."

"जेवतेस?"

"हितंच. काकीपाशी."

"आणि झोपतेस?"

"काकीच्याच गोधडीत. ठकी बी येती कवाकवा, शेजारची."

"आणि तुझी आई?"

"ती शेजारी ऱ्हाती," बनी म्हणाली. सगळ्यांच्याच आया शेजारी राहत असाव्यात, असा तिचा सूर होता.

तेवढ्यात डोक्यावर पेंढ्याचा भारा घेतलेली बाई आली. भारा टाकून तिनं आधी बनीच्या केसांतलं कुसळ काढलं, मग पाहुण्यांकडे पाहिलं. ती सखूबाई, सावळारामाची बायको.

"ही तुमची मुलगी ना?" सौदामिनीबाईंनी विचारलं.

सखूबाईंचा हात बनीच्या डोक्यावरच होता. तो तिथून हलला नाही.

"न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "शेजारच्या साळूची हाय."

पंतांच्या हातातला जोडा खाली पडला.

आवाज ऐकून शेजारच्या घरातून बनीच्याच वयाची एक मुलगी धावत आली. ही ठकू. सौदामिनीबाईंनी तिला जवळ घेऊन बाह्या वर केल्या. दोन्ही दंडांवर दोन-दोन गोल, दबलेले, चकचकीत व्रण होते.

"बनीला देवी आल्या, तेव्हा ठकू कुठे होती?"

"हितंच," सखूबाई म्हणाल्या. "दोगी येका गोधडीत. ठकीला येक फोड न्हाई आला."

"पाहा!" पंत जवळजवळ ओरडले. "माझी लस चांगली होती! मी पाहिलेले फोड हिचेच..." आणि बनीच्या चेहऱ्याकडे लक्ष जाताच ते थांबले.

"सखूबाई," सौदामिनीबाईंनी विचारलं, "सात वर्षांपूर्वी पंत दारात आले, तेव्हाही तुम्ही हेच सांगितलंत? की या घरात मूल नाही, साळूकडे पाहा?"

सखूबाईंनी मान हलवली. मग भारा उचलून त्या मागल्या दारानं निघून गेल्या.

पंत हळू आवाजात म्हणाले, "आता मला आठवलं. त्या असंच म्हणाल्या होत्या, आणि मी शेरा लिहिला. बाई, आईच मूल नाकारते आहे. शनिवारी हे सांगितलंत, तर मोठ्या डॉक्टरांना हवा तो नकार आपल्याच तोंडून मिळेल."

सौदामिनीबाई आठव्या घराकडे चालू लागल्या.

५

ज्ञानूची बायको साळूबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. अंगानं आडव्या, बोलायला सडेतोड.

"बसा. ह्ये समदं तुमी कुनाला सांगनार?"

"शनिवारी अख्ख्या कौन्सिलाला."

"ह्ये बरं. लपवाछपवी तरी न्हाई." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "इकत घेतली म्या तिला. पसाभर कोंड्याला."

"बनीला?"

"व्हय. चार गेली न्हवं सखूची? पाचवी झाली, तवा सुईन म्हनली, इकून टाक. मरन सखूचं दार वळकून बसलंय. त्याला सखूचंच लेकरू पायजेल. पोर दुसऱ्याची म्हनलं की त्यानं येऊन करायचं काय? म्हून म्या कोंडा दिला आन् पोर घेतली. ऱ्हायाला तिच्याकडं, दूध तिचं. नाव माजं. त्या दिसापासनं सखूनं तोंडातनं 'माजी' म्हनलेलं न्हाई. बोललं की ऐकतंय त्ये."

भाकरी फुगली. या हिशेबात सौदामिनीबाईंनी वर्गात शिकवलेलं काहीच नव्हतं, आणि तरीही त्यात एक शिस्त होती.

"मग नाव तुमचं, तर टोचायला तुम्ही न्यायची. पहिल्या वर्षी का नेली नाही?"

"तापली हुती. पंतच म्हनत्यात, तापलेलं लेकरू आनू नगा."

"म्हणतो," पंत म्हणाले. "आजही म्हणेन."

"म्हून ठकीला घिऊन बसले. येकच पोर मांडीवर, येकच टोचली. म्हनलं बनीला फुडल्या खेपंला."

"आणि पुढल्या खेपेला?"

साळूबाईंनी पिठाचे हात झटकले आणि पहिल्यांदाच पंतांकडे सरळ पाहिलं. "त्ये पंतांना ठावं."

पंतांच्या मांडीवर वही होती. सौदामिनीबाईंनी ती उघडून तीन ओळींच्या पानावर बोट ठेवलं. परत गेले: एक.

"म्या बनीला घिऊन वट्यावर आले," साळूबाई म्हणाल्या. "तुमी इचारलं, कुनाची? म्या म्हनलं, ज्ञानूची. तुमी वही काडली. म्हनला, ज्ञानूची मुलगी टोचून झाली, माझी वही चुकत न्हाई, जा घरी. आता म्या काय बोलू? दुसरी म्हनू, तर तुमच्या वहीत येकच. सखूची म्हनू, तर..." त्यांनी पिठाळलेला हात तोंडावर ठेवला. "लई येळ उभी ऱ्हायले. मागनं बाया ढकलाया लागल्या. मंग आले घरी. त्याच्या फुडल्या साली तुमी निस्ती तान्ही बगितली."

चुलीतलं लाकूड सरकलं. पंतांनी चष्मा काढला.

"लशीची नळी एकदा उघडली की घाई..." त्यांनी सुरुवात केली आणि स्वतःच थांबले. "दंड उघडून पाहायला किती वेळ लागला असता? बाही वर करायची. एवढंच."

साळूबाईंनी तव्यावरची भाकरी पंतांच्या पुढ्यात ठेवली, वर लोण्याचा गोळा. "खावा. तुमी काय जानूनबुजून केलं व्हय?"

पंतांनी भाकरीला हात लावला नाही. "बाई, हे सगळं लिहून काढा. खाली मी सही करतो."

"पंत, निवृत्तीला चार महिने राहिलेत. खोट्या नोंदीचा आळ तुमच्यावरून जाईल, पण ही चूक कायमची तुमच्या नावावर राहील."

"चार महिने आहेत, म्हणूनच सहीला किंमत आहे. आणा कागद."

६

शनिवारी पाटलांची गाडी उजाडताच निघाली आणि कौन्सिलाच्या ओसरीवर तिघी येऊन बसल्या. सखूबाई, साळूबाई आणि मधे बनी.

आत सौदामिनीबाईंनी सगळं क्रमानं मांडलं. विकलेली मुलगी, दोन घरं, 'आठ पाहा'. मग पंतांचा कागद वाचला आणि वही मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवली.

"डॉक्टरसाहेब, नियमात नकार हा शब्द आहे. या प्रकरणात नकार झाला आहे, हे मी मान्य करते. त्याची तारीखही वहीत आहे. पण तो हिर्डोशीच्या बायकांनी दिलेला नाही. त्या मूल घेऊन आल्या होत्या. त्यांना तो मिळाला आहे."

मोठ्या डॉक्टरांनी त्या तीन ओळी दोनदा वाचल्या. ते कडक होते, पण वाचलेलं न वाचल्यासारखं करणाऱ्यातले नव्हते.

"अशा शेऱ्यांची आणखी घरं असतील," ते अखेर म्हणाले.

"पंतांच्या नकलेत अकरा आहेत."

"मग पंतांनी सोमवारी कामावर यावं आणि चार महिने तेच काम करावं. प्रत्येक घरी जाऊन बाह्या वर करायच्या." त्यांनी वही मिटली. "पण बाई, एक अडचण आहे. आम्ही नकार दिला नव्हता, असा जबाब पालकानं द्यावा लागतो. वडील मुंबईला. आणि आई म्हणून आजवर कोणीही पुढे आलेलं नाही."

अध्यक्षांनी तिघींना आत बोलावलं. सभासद खुर्च्या सरकवून बाजूला झाले. बनी दाराशीच थांबली. सखूबाई टेबलापर्यंत आल्या आणि जमिनीकडे पाहत उभ्या राहिल्या.

"मुलीची आई कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"लिवा माजं," मागून साळूबाई म्हणाल्या. "साळूबाई ज्ञानू."

"नको, साळूबाई," सौदामिनीबाई हळूच म्हणाल्या. "एका वहीत चुकलं, तेवढं पुरे झालं. हा कागद तिच्याबरोबर पुण्याला जाणार आहे."

सखूबाईंनी विचारलं, "बोलाया लागंल?"

"हो."

"मोठ्यानं?"

सगळं सभागृह त्या एका बाईकडे पाहत होतं. तिनं आठ वर्षं जे शब्द दाताखाली धरले होते, ते सोडले नाहीत तर सोमवारी बनीची जागा जाणार होती. सोडले, आणि कोणी ऐकलं, तर काय जाईल, हे तिच्याखेरीज तिथे कोणालाच मोजता येत नव्हतं. साळूबाई तिच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"सखे," त्या म्हणाल्या, "देवी आली, घ्यायचं त्ये घिऊन गेली. आता पोरीला जाऊ दे."

अध्यक्ष वयस्क होते. ते खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि सखूबाईंपुढे किंचित वाकून कानामागे हात धरला.

"मला ऐकू आलं की पुरे," ते म्हणाले.

सखूबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या. टेबलाशी बसलेल्या मोठ्या डॉक्टरांनाही ते ऐकू गेलं नाही. अध्यक्षांनी कारकुनाला काही सांगितलं नाही. त्यांनी स्वतः टाक उचलला, दोन ओळी लिहिल्या, शाईची डबी पुढे सरकवली आणि सखूबाईंचा अंगठा हातात धरून कागदावर टेकवला.

"काकी," दारातून बनी म्हणाली, "म्या ऐकलं."

"गप बस," सखूबाई म्हणाल्या, आणि अंगठ्याची शाई पुसायलाही न थांबता तिच्याकडे गेल्या.